तगरचे संकेतस्थळ बंद पडते तेव्हा

आमच्या तेर गावात पाऊस पडून गेला की पांढरीच्या मातीतून अजूनही काहीबाही वर येते. कधी मणी, कधी खापराचा तुकडा, कधी भाजलेल्या मातीच्या बाहुलीचे नुसतेच डोके. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचे मोठे शहर असल्याचे लिहिले आहे. तेथून कापड गाड्यांत भरून भडोच बंदराकडे जात असे. ते तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली मांडले. शिलाहार राजे कोकणात राज्य करीत असतानाही स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी वेचून जपलेल्या वस्तू आज त्यांच्याच नावाच्या शासकीय संग्रहालयात मांडलेल्या आहेत.

या गावाविषयीचे एक संकेतस्थळ मी गेली काही वर्षे चालवतो. देवळांची छायाचित्रे, खापरांची रेखाचित्रे, गावातल्या स्मरणिकांतले लेख, आणि म्हाताऱ्या माणसांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेली भजने, गवळणी व जात्यावरच्या ओव्या, असा त्यातला ऐवज. फेसबुकवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर का टाकत नाही, असे पुष्कळ जण विचारतात. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेली गोष्ट तिसऱ्या दिवशी टाकणाऱ्यालाही सापडत नाही. आणि दुसऱ्याच्या वाड्यात फुकट राहण्याचे काय होते, हे 'जिओसिटीज'ने दाखवून दिले आहे. १९९४ साली सुरू झालेल्या या सेवेवर जगभरच्या लोकांनी हौसेने आपापली घरगुती पाने थाटली होती. ऑक्टोबर २००९ मध्ये मालक कंपनीने ती बंद केली आणि लक्षावधी पाने एका दिवसात गेली. तेव्हा घर लहान असले तरी स्वतःचे असावे, हे खरे. मात्र स्वतःचे घर म्हटले की गळणारे छप्परही स्वतःचेच. दोन हजार वर्षे मातीखाली टिकलेल्या गावाचे संकेतस्थळ वर्षातून चार-पाच वेळा तरी बंद पडते!

हल्ली गावोगावची मंडळे, शाळा, सोसायट्या, कुलवृत्तांत काढणारी घराणी अशी संकेतस्थळे स्वतःच चालवतात. बहुतेकांजवळ पगारी तंत्रज्ञ नसतो. घरातल्या कुणाला तरी 'संगणकातले कळते', एवढ्या भांडवलावर सारे चाललेले असते. त्या मंडळींसाठी हे लिहितो आहे.

बंद पडले म्हणजे नेमके काय बंद पडले, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. संकेतस्थळाला नाव असते, ते नाव कोणत्या यंत्राकडे जाते याची नोंद असते, ते यंत्र म्हणजे सर्व्हर दूर कुठेतरी भाड्याने घेतलेले असते, आणि त्यावर फायली व मजकुराचा साठा असतो. यांतले काहीही बिघडले तरी पाहणाऱ्याला सारखेच दिसते: 'उघडत नाही.' ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास जगभर बंद होते. त्यांची यंत्रे ठणठणीत होती. त्यांच्यापर्यंत जाणारी वाटच इंटरनेटच्या नकाशावरून पुसली गेली होती. आपल्याकडे तर निम्म्या वेळा आपल्याच मोबाइलची रेंज गेलेली असते. म्हणून शेजाऱ्याच्या, दुसऱ्या कंपनीचे सिम असलेल्या फोनवर आधी उघडून पाहावे. तेथे दिसले तर चहा करून प्यावा.

तेथेही दिसले नाही, तर गोरोबाकाकांची पद्धत. संतमेळ्यात मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी थापटणे हातात घेतले आणि एकेका संताच्या डोक्यावर मारून कोणते मडके कच्चे ते पाहिले, ही आख्यायिका आमच्या गावची. त्यात नामदेवांचे मडके कच्चे निघाले, एवढेच लोकांच्या लक्षात राहते. मला मात्र त्यातला कुंभाराचा हिशेब आवडतो. काकांनी आवा पुन्हा पेटवला नाही. एकामागून एक मडके वाजवत गेले. संकेतस्थळ बंद पडले की माणसे घाबरून एका दमात पाच गोष्टी बदलतात, आणि मग मूळचे दुखणे कोणते व आपण केलेले कोणते हे कळेनासे होते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, काय बदलले ते कागदावर लिहावे, आणि उपयोग झाला नाही तर पूर्ववत करून मगच पुढचे मडके वाजवावे.

पडद्यावर येणारा आकडाही बरेच सांगतो. ४०४ म्हणजे घर सापडले, खोली सापडली नाही. पानाचा पत्ता बदललेला असतो. ४०३ म्हणजे आत जायची परवानगी नाही. येथे कुणीतरी हटकून 'सगळ्याला ७७७ परवानगी देऊन टाका' असा सल्ला देतो, तो ऐकू नये. ते दार सताड उघडे ठेवणे झाले. फायलींना ६४४ आणि फोल्डरांना ७५५, एवढे सर्वसाधारणपणे पुरते. ५०३ म्हणजे गर्दी झाली. आणि ५०० म्हणजे आत काहीतरी मोडले आहे, पण काय ते चारचौघांत सांगणार नाही.

या पाचशेचा एक प्रसंग सांगतो. गावातले एक पखवाजवादक वारले. त्यांचे भजन व पखवाज मी आधीच मुद्रित करून ठेवले होते. त्यांच्या वर्षश्राद्धाला पुण्याहून नातू आला. जेवणे झाल्यावर सगळ्या भावकीला आजोबांचा आवाज ऐकवावा म्हणून त्याने संकेतस्थळ उघडले, तर कोरे पान आणि वर पाचशेचा आकडा. मला फोन आला. "गुरुजी, आजोबांचा आवाज लागंना की! समदी बसल्यात इथं." घरात त्या आवाजाची दुसरी प्रत नव्हती. मुद्रण एकदाच झाले होते आणि माणूस गेला होता.

अशा वेळी अंदाज बांधत बसू नये. सर्व्हरवर चुकांची एक नोंदवही आपोआप लिहिली जात असते, 'एरर लॉग' म्हणतात तिला. भाड्याच्या सर्व्हरच्या नियंत्रण पानावर ती असते. तिची शेवटची ओळ वाचली. ध्वनिफिती वाजवणाऱ्या एका प्लगइनच्या अमुक फायलीत, तमुक ओळीवर, अस्तित्वात नसलेली आज्ञा वापरली आहे, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. आदल्या रात्री सर्व्हरवाल्या कंपनीने 'पीएचपी' ही मूळ भाषा नव्या आवृत्तीवर नेली होती. वर्षानुवर्षे चालत आलेली जुनी आज्ञा नव्या आवृत्तीतून काढून टाकलेली. आमचे संकेतस्थळ जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळांप्रमाणे 'वर्डप्रेस'वर चालते. त्यात सारी प्लगइन एका फोल्डरात असतात. एखाद्याने घोळ घातला आणि आतही शिरता येत नसले, तर बाहेरून त्या प्लगइनच्या फोल्डराचे नाव बदलायचे. वर्डप्रेसला ते सापडत नाही, आणि त्याच्यावाचून संकेतस्थळ उघडते. तसे केले. पान उघडले. वाजवायची कळ गेली होती, ध्वनिफीत मात्र जागेवर होती. तिचा थेट पत्ता नातवाला पाठवला आणि पंधरा मिनिटांत फोनमधून पखवाज ऐकू आला. पलीकडे बराच वेळ कुणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ते प्लगइन काढून टाकले. वर्डप्रेसमध्ये २०१३ पासून ध्वनी वाजवण्याची सोय अंगचीच आहे, तीच वापरली. माझा अनुभव असा, की जितकी प्लगइन कमी तितकी झोप चांगली.

मराठीत संकेतस्थळ चालवणाऱ्याला याखेरीज एक खास दुखणे असते, ते इंग्रजीवाल्यांना ठाऊकही नसते. ते म्हणजे अक्षरांचे.

गावातल्या जुन्या स्मरणिका छापखान्यात संगणकावर जुळवलेल्या. त्या काळच्या फाँटांत अक्षर दिसायला मराठी, आत मात्र रोमन अक्षराचा आकडा. तो फाँट आपल्या संगणकावर नसला की गोरोबांच्या चरित्राच्या जागी अर्थहीन रोमन अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालापासून स्वतंत्र जागा आहे. पण छापखान्यांनी जुने फाँट पुढेही कितीतरी वर्षे सोडले नाहीत. हा मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणता येतो. मात्र रफार आणि जोडाक्षरे हमखास चुकतात, म्हणून मूळ छापील प्रत शेजारी ठेवून ओळन् ओळ वाचावी लागते. याला पर्याय नाही.

दुसरा प्रकार सर्व्हर बदलताना घडतो. आदल्या दिवशी नीट दिसणारे मराठी दुसऱ्या दिवशी टोप्या आणि शेंड्या लावलेल्या परक्या अक्षरांत दिसू लागते. त्याचे कारण सोपे आहे. 'यूटीएफ-८' या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवतात. साठा करणाऱ्या 'मायएसक्यूएल'ची ठरीव पद्धत २०१८ मधील आठव्या आवृत्तीपर्यंत 'लॅटिन-१' होती, आणि ती एका बाइटला एक अक्षर समजते. त्यामुळे एका 'त'ची तीन परकी अक्षरे होतात. हे पाहून पुष्कळांचा धीर सुटतो आणि ती पाने उघडून दुरुस्त करू लागतात. तसे मुळीच करू नये. बाइट शाबूत आहेत, वाचणारा चुकतो आहे. जोडणीची पद्धत बरोबर लावली की मजकूर जसाच्या तसा परत येतो. परक्या अक्षरांऐवजी ओळीने प्रश्नचिन्हे दिसू लागली, तर मात्र बहुधा अक्षरे साठवतानाच नष्ट झालेली असतात. साठ्यातही प्रश्नचिन्हेच निघाली, तर जुन्या प्रतीखेरीज काही उपयोगी पडत नाही. म्हणजे पडद्यावर कचरा दिसला तर आनंद मानावा, आणि प्रश्नचिन्ह दिसले तर काळजी करावी!

याच साठ्याची आणखी एक खोड आहे. तिच्या जुन्या 'यूटीएफ८' प्रकारात तीन बाइटांपर्यंतचीच चिन्हे मावतात. मराठी मावते, पण इमोजीला चार बाइट लागतात. परदेशी गेलेले आमचे गावकरी आठवणी लिहून पाठवत, त्याची सुरुवातच हात जोडलेल्या चित्राने. जुन्या सर्व्हरवर त्या जोडलेल्या हातांपासून पुढचा सारा मजकूर गुपचूप कापला जाई. नमस्कारासकट आठवण गडप. कोष्टके 'यूटीएफ८एमबी४' या प्रकारात बदलली की हे थांबते. बदलण्यापूर्वी साठ्याची प्रत काढून ठेवावी, हे वेगळे सांगायला नको.

आणि एक अगदीच घरगुती कोडे. शोधाच्या चौकटीत 'वारकऱ्यांची' असा शब्द टाकला की काही लेख सापडत, काही सापडत नसत. शब्द डोळ्यांना एकच दिसतो. पण 'ऱ्य'मधला तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत नुक्त्याचा र आणि हलन्त, दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह. टंकलेखनाचे साधन बदलले की रीत बदलते. संगणकाला ते दोन निराळे शब्द वाटतात. शेतकऱ्यांपासून पायऱ्यांपर्यंत मराठीत असे शब्द किती, ते वाचकांनीच मोजावे. साऱ्या मजकुरात एकच रीत करून घेतली, तेव्हा हरवलेले वारकरी सापडले.

आता नावाकडे वळतो, कारण नाव गेले की बाकीचे सारे असून नसल्यासारखे. सुरुवातीला आमच्या संकेतस्थळाचे नाव गावातल्या एका हुशार मुलाने हौसेने नोंदवले होते, स्वतःच्या नावावर आणि कॉलेजातल्या ई-मेलवर. तो नोकरीनिमित्त दूर गेला, ई-मेल बंद झाला, मुदतीच्या सूचना त्या बंद पेटीत पडत राहिल्या. एका सकाळी संग्रहालयातल्या वस्तूंच्या जागी जाहिराती दिसू लागल्या. मुलगा चांगला, फोन करताच त्याने सारे सोपवले आणि नाव वाचले. हे मोठ्यांच्याही घरी घडते. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट कंपनी 'पासपोर्ट' या आपल्या नावाचे नूतनीकरण विसरली आणि हॉटमेलमध्ये शिरणे लोकांना अवघड झाले. अमेरिकेतल्या मायकेल चॅनी नावाच्या एका प्रोग्रामरने आपल्या कार्डावरून ३५ डॉलर भरून ते नाव चालू करून दिले.

'डॉट कॉम'सारख्या नावांची मुदत संपली की साधारणतः काही आठवड्यांची सवलत मिळते. त्यानंतर ३० दिवस जबर दंड भरून नाव सोडवता येते. पुढे पाच दिवसांनी ते कुणालाही मोकळे होते, आणि देवस्थानाच्या नावावर जुगाराची पाने लागलेली मग पाहावी लागतात. 'आपोआप नूतनीकरण' ही कळ दाबली म्हणून निश्चिंत राहू नये. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डातून दरवेळी आपोआप पैसे जाण्यासाठी आधी खास संमती नोंदवावी लागते. पुष्कळ परदेशी कंपन्यांचे व्यवहार तेथे अडतात. मी सरळ काही वर्षांचे पैसे एकदम भरतो. नाव संस्थेच्या किंवा चालवणाऱ्याच्या मालकीचे आहे ना, आणि संपर्काचा ई-मेल आज उघडतो ना, एवढे आज संध्याकाळी प्रत्येकाने पाहून घ्यावे.

'हे संकेतस्थळ सुरक्षित नाही' असा तांबडा इशारा आला की भाविक मंडळी घाबरून फोन करतात. बहुधा प्रमाणपत्राची मुदत संपलेली असते. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था २०१५ पासून अशी प्रमाणपत्रे मोफत देते. ती ९० दिवस चालत आणि सर्व्हर ती स्वतःच नवी करून घेत असे. आता मुदती टप्प्याटप्प्याने कमी होत आहेत, २०२९ पर्यंत ती ४७ दिवसांवर येईल. मुदत सरत आल्याची आठवण करणारी पत्रेही या संस्थेने जून २०२५ पासून बंद केली. तेव्हा महिन्यातून एकदा कुलपाच्या चिन्हावर टिचकी मारून तारीख पाहावी. दुरुस्ती केली तरी जुनेच पान दिसते, ही तक्रार मात्र खरी नव्हे. फोनने जुनी प्रत जपून ठेवलेली असते. खासगी खिडकीत उघडले की नवे दिसते.

चैत्र वद्य त्रयोदशीला गोरोबाकाकांची यात्रा भरते. त्या दिवशी तेरणाकाठी जशी दाटी, तशी संकेतस्थळावरही. ५०३ चा आकडा आमच्याकडे बहुधा याच दिवसांत दिसतो. त्यावर महागडा सर्व्हर घ्यायची गरज पडली नाही. हल्लीच्या मोबाइलचे एक छायाचित्र चार-पाच मेगाबाइटांचे, आणि वर्डप्रेस त्याच्या आणखी लहान-मोठ्या प्रती काढून ठेवते. छायाचित्रे चढवण्यापूर्वी १६०० पिक्सेल रुंदीची केली, आणि पाने तयार करून ठेवणारी 'कॅश' लावली, तेवढ्यावर भागले. जागा भरली की भलतीच लक्षणे दिसतात, हेही ध्यानात असू द्यावे. नवे छायाचित्र चढत नाही, आत शिरता येत नाही, साठ्याशी जोडणी तुटल्याचा निरोप येतो. आणि मूळ कारण एवढेच, की कुणी न पाहिलेली नोंदवही फुगून बसलेली असते.

सगळ्यांत वाईट म्हणजे घुसखोरी. ती मालकाला दिसत नाही. आपण नाव टाइप करून गेलो की पान स्वच्छ. गूगलवर शोधून येणाऱ्याला मात्र औषधांच्या नाहीतर जपानी मालाच्या जाहिराती. म्हणून अधूनमधून परक्यासारखे शोधून आपल्या घरी यावे. छायाचित्रांच्या फोल्डरात पीएचपीची फाइल सापडली तर चोर शिरला असे समजावे, तेथे तिचे काही काम नसते. नुसती ती फाइल पुसून भागत नाही. सारे पासवर्ड बदलायचे, अनोळखी वापरकर्ते काढायचे, वर्डप्रेस व प्लगइनच्या फायली मूळ ठिकाणाहून नव्याने आणायच्या. जुनी प्रत परत चढवताना ती घुसखोरीच्या आधीची आहे ना, हे तारीख पाहून ठरवायचे.

येथवर प्रतीचा उल्लेख पुनःपुन्हा आला आहे. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या सर्व्हरगृहाला आग लागली. ज्यांनी आपली प्रतही त्याच जागी ठेवली होती, त्यांचे दोन्ही जळाले. जानेवारी २०१७ मध्ये 'गिटलॅब' या नावाजलेल्या कंपनीत चुकून साठा पुसला गेला. प्रत काढण्याच्या पाच पद्धती होत्या, त्यांतली एकही वेळेला धड चालली नाही, सुमारे सहा तासांचे काम गेले. प्रत काढणे आणि ती परत चढवून पाहणे ही दोन कामे आहेत, आणि दुसरे कुणी करीत नाही. माझ्या एका प्रतीचे ठिकाण सर्व्हर, दुसरीचे घरातली डिस्क, तिसरीचे परगावच्या एका नातलगाचे कपाट. काहीच हाती नसलेल्यांनी 'इंटरनेट आर्काइव्ह'च्या साठ्यात आपला जुना पत्ता टाकून पाहावा. १९९६ पासून तेथे जगभरची पाने जपली जातात, मजकूर तरी बहुधा मिळतो. ध्वनिफितींची मात्र आशा धरू नये.

माझे वय झाले आहे. म्हणून शंभर पानी वहीत सारे लिहून ठेवले आहे: नाव कुठे नोंदवले, सर्व्हर कोणाचा, मुदती कधी, प्रती कुठे, संकेतस्थळ नव्याने कसे उभे करायचे. पासवर्ड वेगळ्या बंद पाकिटात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत दहावीतल्या एका मुलीला वही आणि डिस्क दिली, रिकामी जागा दिली, आणि सांगितले, मला काही विचारायचे नाही. तिला तीन तास लागले. सर्व्हर कंपनीने आपले नियंत्रण पान मध्यंतरी बदलले होते, तेथे ती अर्धा तास अडली. मग पाने उघडली, छायाचित्रे आली, मराठी नीट दिसले. तिने पहिल्यांदा पखवाजाची फीत वाजवून पाहिली. ती वाजली. वहीतले ते पान तिने आपल्या अक्षरात नव्याने लिहून दिले आहे.